मेलेला लसूण

आदिलाबादच्या त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत दोन माणसं होती. एकाचं नाव दारावरच्या पाटीवर होतं आणि दुसरा काम करायचा. पाटीवर होते हेमचंद्र सर. काम करायचे ते चंपतराव. सरकारदरबारी चंपतराव अटेंडर होते. म्हणजे काचेची भांडी धुणं, फळा पुसणं, वाळलेल्या वनस्पतींना वाळवी लागू न देणं, आणि कुठल्याही नियमात लिहिलेलं नसलं तरी रोज सकाळी सरांच्या घरी बेल-फुलं पोचवणं, ही सगळी राष्ट्रसेवा चंपतराव चौदा वर्षं बिनबोभाट करत होते.

गाव त्यांचं मुधोळकडचं. कापूस आणि ज्वारीची थोडी जमीन, विहिरीपाशी दोन वाफे, आणि ते सगळं सांभाळणारी बायको वच्छलाबाई. दर शनिवारी दुपारी चंपतराव इचोड्यावरून जाणारी बस पकडून गावी जायचे आणि सोमवारी पहाटेच्या बसनं परत यायचे. त्यांची एकच इच्छा होती. १९८७ च्या डिसेंबरात कॉलेजातले म्हातारे लॅब असिस्टंट निवृत्त होणार होते आणि त्या जागेवर हक्कानं चंपतरावांचा नंबर होता. अट एवढीच की सर्व्हिस बुक कोरं पाहिजे. चौदा वर्षांत त्यात डागच काय, बोटाचा ठसासुद्धा उमटलेला नव्हता.

हेमचंद्र सरांचे पूर्वज निजामाच्या काळात दफ्तरात लिहायला म्हणून इकडे आले, आणि तेव्हापासून त्या घरात लेखणीपेक्षा जड वस्तू कोणी उचलली नाही. घरात तिघंच. सर, त्यांची बायको कुमुदिनी आणि आई रमाबाई. रमाबाई सत्तरीच्या. गल्लीतल्या बायका कशाला सोवळं आणि कशाला ओवळं म्हणायचं ते त्यांना विचारून ठरवायच्या. इतरांच्या घरी कांदा-लसूण चातुर्मासात बंद व्हायचा. यांच्या घरी तो बारा महिने बंद होता. रमाबाईंचं नाक असं की तीन घरं पलीकडे कोणी लसणाची फोडणी दिली तर कोणाच्या घरी आणि कशाला, हे त्या माजघरात बसून सांगायच्या. एका दूधवाल्याच्या हाताला लसणाचा वास आला म्हणून त्याचा रतीब त्यांनी त्याच दिवशी बंद केला होता. कुमुदिनी नांदेडला माहेरी गेली की पोटभर लसणाची चटणी खायची, पण परतायच्या चार दिवस आधीपासून ती ताकभातावर राहायची.

अशा घरातल्या कर्त्या पुरुषाला बढती मिळवून रीडर व्हायचं होतं आणि त्यासाठी पीएच.डी. हवी होती. हैदराबादच्या गाईडनं विषय दिला तो लसणातल्या एन्झाइमची स्थिरता आणि त्याचे जंतुनाशक उपयोग. विषय ऐकून सरांचा चेहरा उतरला म्हणतात. गाईडपुढे नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती आणि आईपुढे हो म्हणायची तर त्याहून नव्हती. घरी त्यांनी आधी एका कंदावर काम आहे असं सांगून पाहिलं. रमाबाईंनी कंदाचं नाव विचारलं. शेवटी नोकरीचा प्रश्न म्हणून त्यांनी परवानगी दिली, पण लसणाचा वास उंबऱ्याच्या आत आला तर तू उंबऱ्याच्या बाहेर, असं बजावून.

जूनमध्ये कॉलेज उघडलं आणि सरांनी चंपतरावांना बोलावून घेतलं. बाजारचा लसूण भरवशाचा नसतो, तुमच्या शेतातला आणा, असं ते म्हणाले. चंपतरावांची छाती दोन इंच फुगली. वच्छलाबाईंचा लसूण बारीक पाकळीचा, पण एक पाकळी ठेचली तर डोळ्यांतून पाणी काढणारा. आढ्याला टांगलेल्या वेण्यांमधली सगळ्यात चांगली वेणी तिनं उतरवून दिली. त्यासोबत सूचनाही दिल्या, कारण सूचनेशिवाय ती नवऱ्याच्या हाती काहीच देत नसे. लसूण अख्खा असतो तोवर गप्प असतो, तो ठेचायचा, झाकून ठेवायचा, सूपभर ज्वारी निवडून होईतो वाट पाहायची, आणि मगच लावायचा. बैलाच्या खुरांना, पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्यांना, नायट्याला, सगळ्याला तिचा हाच एक उपाय होता. झोंबायला लागलं की लगेच धुवायचं, नाहीतर कातडं भाजतं, हेही ती सांगायला विसरली नाही.

गंमत अशी की सरांनाही हे सगळं ठाऊक होतं. दर मंगळवारी अकरा वाजता ते तिसऱ्या वर्षाच्या मुलांना हेच शिकवायचे, फक्त इंग्रजीत. लसणाच्या पाकळीत दोन पदार्थ वेगवेगळ्या खणांत बंद असतात. पाकळी ठेचली की खण फुटतात, एन्झाइम दुसऱ्या पदार्थाला भेटतं आणि त्यातून जंतू मारणारा उग्र पदार्थ तयार होतो. वास येतो तो त्याचाच. एन्झाइम नाजूक असतं, उकळलं की मरतं. फळा पुसता पुसता चंपतरावांनी हे इतक्या वेळा ऐकलं होतं की इंग्रजी येत नसूनही त्यांना ते समजलं होतं. मग बारा वाजता सर प्रयोगशाळेत यायचे, चंपतरावांनी सोललेला अख्खा लसूण प्रेशर कुकरमध्ये घालायचे आणि चांगल्या पाऊण तासाच्या शिट्ट्या काढायचे. सरांच्या डोक्यातही दोन खण असावेत आणि ते फोडायला कोणी बत्ता घेऊन गेलेलं नसावं.

पहिल्याच दिवशी चंपतरावांनी भीत भीत विचारलं होतं.

"सर, लसन उकडला तर तो मरते ना?"

"चंपतराव, याला निर्जंतुकीकरण म्हणतात. संशोधनात पहिली गोष्ट म्हणजे स्वच्छता."

जंतू मारायला निघालेल्या लसणालाच आधी जंतूंपासून वाचवायचं, आणि वाचवता वाचवता त्याचा जीव घ्यायचा, ही स्वच्छता चंपतरावांना काही झेपली नाही. पण अटेंडरनं झेपवून घ्यायचं असतं, म्हणून ते मूग गिळून गप्प बसले. कुकरमधून निघालेल्या लसणाचा गुळमट, मऊ लगदा व्हायचा. सर तो गाळायचे आणि त्या पाण्यात बुडवलेल्या कागदाच्या टिकल्या जंतू वाढवलेल्या काचेच्या ताटल्यांत ठेवायचे. औषधात दम असेल तर टिकलीभोवतीचे जंतू मरून कोरं कडं पडायला हवं. कडं पडलं नाही. जुलैत नाही, ऑगस्टमध्ये नाही. जंतू मजेत वाढत होते. ताटल्या धुताना चंपतरावांना तर वाटायचं की सरांच्या पाण्यावर ते जरा जास्तच पोसताहेत.

एक दिवस मात्र कडं पडलं. चंपतराव दुपारी प्रयोगशाळेतल्या खलबत्त्यात मिरची-लसणाचा ठेचा करून भाकरीसोबत खायचे. नियमात हे बसत नव्हतं, पण बेल-फुलंही बसत नव्हती. त्या दिवशी त्यांनी मिरची घालायच्या आधी कच्च्या ठेचलेल्या लसणाचा थोडा रस एका टिकलीला लावला आणि ती टिकली धुवायला आलेल्या एका जादा ताटलीत ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर टिकलीभोवती रुपयाएवढं स्वच्छ, कोरं कडं. चंपतराव ताटली दोन्ही हातांत धरून सरांकडे गेले. सरांनी ती उजेडात धरून पाहिली, हातात काय आलंय ते त्यांना नक्की कळलं, आणि मग त्यांनी विचारलं की हा रस निर्जंतुक केला होता का. नव्हता केला. मग ताटली अशुद्ध, असं म्हणून सरांनी ती बादलीत टाकायला सांगितली. तीन महिन्यांत जी एकच ताटली खरं बोलली, ती फेकायचं कामही चंपतरावांनाच करावं लागलं.

सप्टेंबरात गाईडचं पत्र आलं. प्रगती कुठे आहे, असा सरळ प्रश्न होता. प्रगती नव्हती म्हणून कारण हवं होतं, आणि कारण शोधायला सरांना लांब जावं लागलं नाही. त्यांनी प्राचार्यांना लिहून दिलं की अटेंडरनं पुरवलेला लसूण जुना, निकृष्ट आणि मृतप्राय असल्यानं संशोधनात बाधा आली. दोन दिवसांनी चंपतरावांच्या हाती टाइप केलेला इंग्रजी कागद पडला. हेडक्लार्कनं चष्मा वर सरकवून समजावलं की ही जवाब-तलब आहे, पंधरा दिवसांत खुलासा नाही दिला तर सर्व्हिस बुकात शेरा चढेल. शेरा चढला की लॅब असिस्टंटची जागा पुढच्या नंबरला जाईल. हेही तो जाता जाता म्हणाला.

चंपतरावांना राग आला, पण त्याहून वाईट वाटलं. बढती गेली असती तरी त्यांनी कसंबसं सोसलं असतं. पण लसूण मेलेला होता हे सरकारी कागदावर लिहिलं गेलं होतं, आणि तो लसूण वच्छलाबाईनं माघाच्या थंडीत पहाटे उठून पाणी देऊन वाढवला होता. शनिवारी गावी गेल्यावर त्यांनी तो कागद तिला वाचून दाखवला. म्हणजे हेडक्लार्कनं सांगितलेलं सांगितलं. वच्छलाबाईनं कोनाड्यातली एक पाकळी घेतली, दगडानं ठेचली आणि नवऱ्याच्या नाकासमोर धरली. चंपतरावांना तीन शिंका आल्या. मेलेलं शिंका काढत नसते, एवढंच म्हणून ती चुलीकडे वळली.

जेवताना चंपतरावांनी सहज सांगितलं की सरांची आई आजकाल टाचांवर चालते. दर पावसाळ्यात रमाबाईंच्या बोटांच्या बेचक्या सडायच्या. कारण उघड होतं. भल्या सकाळी आंघोळ, ओलेत्यानं पाणी भरणं, ओल्या सोवळ्यात पूजा, ओल्या फरशीवर स्वयंपाक, आणि चातुर्मासात तर त्यात पिंपळाच्या प्रदक्षिणांची भर. चार महिने ते पाय कोरडे म्हणून व्हायचेच नाहीत. पाय सडले तरी चालतील, सोवळं वाळलेलं चालणार नाही, असा तो हिशेब होता. डॉक्टरनं मलम दिलं होतं, पण मलमात कशाची चरबी असते कोण जाणे म्हणून रमाबाईंनी ते फळीवरून खाली उतरवलं नव्हतं. यंदा तर बोटं चिरून रक्त येत होतं.

वच्छलाबाई उठली आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आली. पावसाळ्यात लसणाला कोंब फुटतात, म्हणून उन्हाळ्यात ती पाकळ्यांचे पातळ काप करून सावलीत वाळवायची आणि जात्यावर दळून पूड करून ठेवायची. उन्हात एकही काप ठेवायची नाही. उन्हात वाळवला की लसूण मरतो, सावलीत वाळवला की नुसता झोपतो, पाणी लागलं की पुन्हा उठतो, असं तिचं म्हणणं होतं. सरांच्या विषयातला स्थिरता हा जो अवघड शब्द होता, तो ती डब्यात भरून ठेवत होती.

"त्या माउलीले देजा. घोटभर पान्यात कालवाची आन येळ जाऊ द्याचा," ती म्हणाली.

"तिच्या लेकानं मले कागद देल्ला, आन तू तिले औषध देऊन राह्यली?"

"भांडन तिच्या लेकासंग हाय. तिच्या पायासंग नाई."

सोमवारी सकाळी चंपतराव बेल-फुलांच्या पुडीसोबत तो डबा घेऊन सरांच्या घरी गेले. सर आंघोळीला गेले होते. मागच्या अंगणात रमाबाई पाटावर बसून पाय पुढे करून बोटांकडे पाहत होत्या. चंपतरावांनी बायकोनं पूड पाठवल्याचं सांगितलं. कशाची, असं रमाबाईंनी विचारलं आणि चंपतरावांची जीभ अडखळली. जमिनीतला एक कंद आहे, असं ते म्हणाले. सरांनीही आईला पहिल्यांदा हेच उत्तर दिलं होतं, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. रमाबाईंनी पूड दुरून हुंगली. कोरड्या पुडीला धुळकट असा किंचित वास होता, तोही डब्याच्या पत्र्यात मिसळलेला. त्यांनी मान डोलावली. कुमुदिनीनं वाटीत पाणी आणलं, चंपतरावांनी पूड कालवली आणि वरून पान झाकलं.

मग ते वाट पाहत बसले. थोड्या वेळानं पानाच्या कडेनं वास यायला लागला. आधी हलका, मग झणझणीत, आणि मग अंगणभर. कुमुदिनीला तो ओळखीचा वास आला आणि ती घाईघाईनं आत निघून गेली, कारण तिच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. चंपतराव खाली मान घालून बसले. आता डबा अंगणाबाहेर, आपण डब्याच्या मागोमाग, आणि बेल-फुलंही बंद, असं त्यांनी मनाशी धरलं.

"चंपतराव, हा लसूण आहे," रमाबाई म्हणाल्या.

"होय काकू. चुकलं माझं. सांगाले पायजे होतं."

रमाबाईंनी पायांकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं. मग त्यांनी निर्णय दिला, आणि गल्लीतल्या बायकांना त्या जशा गंभीरपणे निर्णय द्यायच्या तसाच दिला. शास्त्रानं वर्ज्य सांगितलंय ते खाणं. पाय खात नाहीत. तेव्हा न्हाणीमागे बसून लावायला, आणि मग पाय धुऊन आंघोळ करायला हरकत दिसत नाही. सत्तर वर्षं ज्या शास्त्रात खिडकी नव्हती, त्याला पायाच्या दुखण्यानं दोन मिनिटांत दार काढून दिलं. लेप लागला तशा त्या ओठ दाबून बसल्या. झोंबतंय म्हटल्यावर चंपतरावांनी लगेच पाणी ओतलं.

पाय पुसता पुसता रमाबाईंनी विचारलं की हेमाचं, म्हणजे सरांचं, काम याच लसणावर चाललंय ना, मग त्याला यश का येत नाही. चंपतरावांना खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलायची भीती होती. त्यांनी अर्ध्यावर भागवलं.

"सर म्हंतेत आमचा लसन मेलेला हाय. मले तसा कागदच देल्ला. येत्या सोमवारी जवाब द्याचा हाय."

रमाबाईंनी डबा ठेवून घेतला. रोज सकाळी बेल-फुलं आली की न्हाणीमागे वाटी झाकून तयार असायची. तीन दिवसांत चिरा बुजायला लागल्या, रविवारपर्यंत कातडी कोरडी झाली आणि रमाबाई पाऊल पूर्ण टेकवून चालू लागल्या. सरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते आठवडाभर कुकरच्या शिट्ट्या मोजत होते.

त्या शनिवारी चंपतराव गावी गेले नव्हते, कारण रमाबाईंनी रविवारी सकाळी येऊन जायला सांगितलं होतं. ते आले तेव्हा सर ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. रमाबाई आतून आल्या, त्यांच्या हातात एक घडी केलेला कागद होता. चंपतराव दाराशी उभे राहिले. रमाबाईंनी त्यांना बसायला सांगितलं, आणि त्या घराच्या ओसरीवर इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा बसले.

"हेमा, हात दाखव," रमाबाई म्हणाल्या.

सरांनी गोंधळून हात पुढे केले. रमाबाईंनी ते नाकाशी धरले.

"तीन महिने तू लसणात हात घालतोयस. मला एकदाही वास आला नाही. चंपतरावांच्या डब्यातला चमचाभर भिजवला तर अंगणात उभं राहवेना. तुझ्या लसणात लसूणच नव्हता."

सरांनी निर्जंतुकीकरणाचा मुद्दा काढला. मग जागतिक पद्धतीचा काढला. मग गाईडचा काढला. रमाबाई ऐकत राहिल्या. सगळे मुद्दे संपल्यावर सरांचा आवाज खाली आला.

"तुला वास येऊ नये म्हणून उकडत होतो, आई."

चंपतरावांना आपण फळा पुसताना ऐकलेलं सगळं एकदम आठवलं. वास येतो तो त्याचाच. सरांना प्रयोग कळत नव्हता असं नाहीच. वास मारला की काम मरतं हे त्यांना पुस्तकातून नीट ठाऊक होतं. फक्त वास घरी नेता येत नव्हता आणि वासाशिवाय काम होत नव्हतं, म्हणून त्यांनी दोन्ही प्रयोगशाळेत पुरलं होतं. तेही ठीक होतं. पण पुरल्यावर खुनाचं खापर त्यांनी वच्छलाबाईच्या वाफ्यावर फोडलं होतं, आणि ते चंपतरावांना काही केल्या गिळवत नव्हतं.

रमाबाईंनी कागद उलगडून सरांच्या हाती दिला. त्यांच्या वळणदार अक्षरात त्यात लिहिलं होतं की मी रमाबाई, वय सत्तर, लिहून देते, चंपतराव यांच्या शेतातल्या लसणाचा लेप मी सात दिवस पायांना लावला, लसूण उग्र आणि जिवंत होता, माझे पाय बरे झाले, आणि माझ्या मुलाच्या हाताला तीन महिन्यांत लसणाचा वास कधीही आला नाही. खाली सही आणि तिथी. हा कागद चंपतरावांनी आपल्या खुलाशाला जोडावा, असं त्या म्हणाल्या.

सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. हा कागद कॉलेजात गेला की हेडक्लार्क वाचणार, हेडक्लार्कनं वाचला की संध्याकाळपर्यंत गाव वाचणार, आणि रमाबाईंनी पायाला लसूण लावला ही बातमी त्यांच्या गल्लीत पोचायला रात्रसुद्धा लागणार नव्हती. कोणाच्या घरी पाणी प्यायचं हे ज्या बाईला विचारून ठरायचं, तिच्या घरी मग किती जणी पाणी पितील हा प्रश्नच होता. सरांनी आईला हे समजावायचा प्रयत्न केला.

"मला कळतं ते. म्हणूनच लिहिलंय," त्या म्हणाल्या. "त्यांच्या घासावर तू खोटं लिहिलंस. माझं नाव गेलं तर जाऊ दे."

रमाबाईंनी कागद सरांच्या हातून घेऊन दिला, तो चंपतरावांनी घडी करून खिशात ठेवला आणि सरांकडे न पाहता ते निघाले. सोमवारी सकाळी ते खुलासा घेऊन ऑफिसात पोचले, तर त्यांच्या आधी सर तिथे हजर होते. आपली तक्रार गैरसमजातून झाली होती, लसूण उत्तम होता, असं पत्र देऊन त्यांनी ती मागे घेतली होती. हेडक्लार्कनं फाईल बंद केली आणि वर शेरा मारला की प्रकरण दाखल दफ्तर. चौदा वर्षांचं सर्व्हिस बुक कोरंच राहिलं. जानेवारीत चंपतराव लॅब असिस्टंट झाले, आणि बेल-फुलं मात्र तरीही तेच नेत राहिले, पण आता स्वतःच्या मर्जीनं.

सरांनी कुकर कपाटावर ठेवला. लसूण ठेचला जाऊ लागला, झाकून वाट पाहिली जाऊ लागली, आणि ताटल्यांत कडी पडू लागली. तीन महिन्यांचे उकडलेले प्रयोगही वाया गेले नाहीत. उष्णतेचा परिणाम असा एक स्वतंत्र अध्याय त्यातून उभा राहिला आणि गाईडनं त्या अध्यायाची खास तारीफ केली. विद्वान माणसाच्या मूर्खपणालाही अनुक्रमणिकेत जागा मिळते, हे चंपतरावांना तेव्हा कळलं. पण प्रबंधात लसूण कुठून घेतला त्या ओळीत वच्छलाबाईचं नाव आणि गाव छापून आलं, आणि ते पाहिल्याशिवाय रमाबाईंनी प्रबंध देवापुढे ठेवू दिला नव्हता. चंपतरावांनी ती ओळ बायकोला बोटानं दाखवली. झाकून ठेवाची गोष्ट लिहिली का, एवढंच तिनं विचारलं. लिहिली होती.

घरात एक नवा नियम आला. सर संध्याकाळी परतले की रमाबाई दाराशी उभ्या असायच्या आणि सरांनी हात पुढे करायचे. वास आला तर मागच्या दारानं न्हाणीत जायची परवानगी. वास नाही आला तर आज काही काम झालेलं दिसत नाही, असं त्या म्हणायच्या आणि सर शाळकरी मुलासारखे खाली मान घालायचे. चंपतरावांनी हे पुष्कळदा पाहिलं होतं आणि दर वेळी त्यांना मनातून बरं वाटायचं. सरांवरचा राग त्यांनी सोडला नव्हता. ऑफिसात द्यावाच न लागलेला रमाबाईंचा तो कागद त्यांनी गावच्या घरी लोखंडी पेटीत जपून ठेवला होता, उद्या पुन्हा वेळ आली तर असावा म्हणून.

१९९४ च्या माघात रमाबाई गेल्या. दिवस झाल्यावर सर कॉलेजात यायला लागले. पहिल्याच संध्याकाळी प्रबंधानंतरच्या कामाचे कागद घेऊन चंपतराव त्यांच्यासोबत घरापर्यंत गेले. दिवसभर लसूण ठेचल्यानं दोघांच्याही हाताला उग्र वास होता. सर दाराशी पोचले, उंबऱ्याबाहेर थांबले आणि सवयीनं त्यांनी दोन्ही हात पुढे केले. दारात कोणी नव्हतं. सर तसेच उभे राहिले. कुमुदिनी आतून आली आणि ते पाहून होती तिथेच थांबली.

चंपतरावांचा राग त्या क्षणी गेला. इतकी वर्षं जपलेला राग असा जाईल असं त्यांना वाटलं नव्हतं. पुढच्या शनिवारी गावी जाऊन त्यांनी पेटीतून तो कागद काढला, सोमवारी प्रयोगशाळेत आणला आणि सरांच्या टेबलावर ठेवला.

"सर, हे तुमच्या मायचं अक्षर हाय. तुमच्यापाशी राहू द्या."

सरांनी कागद उलगडला आणि सावकाश, पहिल्या ओळीपासून शेवटच्या तिथीपर्यंत वाचला. मग पुन्हा वाचला. चंपतराव ताटल्या धुवायला नळाकडे वळले. इतक्या वर्षांत सरांनी पहिल्यांदाच कसलंही कारण सांगितलं नाही.